रोग आणि दोष

'दोष' हा शब्द आपल्या भाषेंत दोन दरबारांत एकाच पोषाखानें वावरतो. वैद्य म्हणतो, रोग्याच्या शरीरांत दोषांचा प्रकोप झाला आहे. शेजारी म्हणतो, दोष त्याचाच आहे. पहिल्या वाक्यांत निदान आहे, दुसऱ्यांत निवाडा आहे. पण शब्द एकच असल्यामुळें निदानावरून निवाड्यावर आपण केव्हां घसरलों, हें आपल्या लक्षांतहि येत नाहीं. रोग हा माणसाचा दोष आहे काय, आणि असल्यास किती, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्हांस विचारार्थ घ्यावयाचा आहे. प्रश्न नवा नाहीं. परंतु गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनीं पेशीच्या दारापर्यंत जाऊन जें पाहिलें, त्यामुळें त्यास नवीन पुरावा मिळाला आहे. आणि नवीन पुरावा पुढें आल्यावर जुना खटला पुन्हां चालविणें हें न्यायाचेंच काम आहे.

आपल्याकडील कर्मविपाकाच्या ग्रंथांनीं या प्रश्नाचें उत्तर निःसंदिग्ध देऊन ठेविलें होतें. अमुक पातकापासून अमुक रोग, आणि त्यावर अमुक प्रायश्चित्त, अशी त्यांत यादीच असे. आजच्या सुशिक्षितास ती यादी हास्यास्पद वाटते. पण तोच सुशिक्षित एखाद्याच्या हृदयविकाराची वार्ता ऐकतांच काय विचारतो? "काय खात होते?" "फिरायला जात नव्हते वाटतें?" पूर्वजन्मीच्या पापांच्या जागीं या जन्मींचीं जेवणें आलीं, प्रायश्चित्ताच्या जागीं पथ्य आलें, निवाडा करण्याची रीत मात्र तीच राहिली. अशा विचारपुशींत कुतूहलापेक्षां भीतीचा भाग अधिक असतो. रोग हें रोग्याच्या वर्तनाचेंच फळ असेल, तर आपण नेमस्त असल्यामुळें सुरक्षित आहों, हें समाधान विचारणाऱ्यास हवें असतें. रोग्याची चौकशी करतां करतां तो स्वतःस अभय मिळवीत असतो.

इंग्रज ग्रंथकार सॅम्युएल बटलर यानें १८७२ सालीं 'एरेव्हॉन' नांवाचा एक काल्पनिक प्रवासवृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या देशांत अफरातफर करणाऱ्यास रोगी समजून सहानुभूतीनें बरें करतात, आणि रोग्यास मात्र गुन्हेगार समजून न्यायासनापुढें उभें करतात. क्षय झाल्याच्या आरोपावरून एका तरुणाची तेथें चौकशी होते. आपले आईबाप अशक्त होते ही त्याची सबब न्यायाधीश ऐकून घेत नाहीं, आणि त्यास जन्मभर सक्तमजुरीची शिक्षा ठोठावतो. वाचक हंसतो. परंतु बटलरनें चित्र उलटें धरलें म्हणून आपण हंसतों. सुलट धरल्यास त्यांत आपल्याच ओसरीवरचीं संभाषणें ऐकूं येतील.

आतां पुराव्याकडे वळूं. त्यासाठीं एका रोगाचा व त्याच्या शोधाचा इतिहास थोड्या विस्तारानें सांगणें अवश्य आहे. कोलेस्टेरॉल हा एक स्निग्ध पदार्थ. लोकांच्या तोंडीं त्याचें नांव शत्रूसारखें येत असलें, तरी पेशीच्या आवरणास त्यावांचून चालत नाहीं. तो रक्तांत विरघळत नसल्यामुळें बारीक कणांत भरून वाहून न्यावा लागतो. त्यांपैकीं एका जातीच्या कणांस 'एलडीएल' म्हणतात. हे कण रक्तांत फार झाले म्हणजे रोहिण्यांच्या भिंतींत त्यांचा थर बसतो, वाट अरुंद होते, आणि एखादे दिवशीं हृदयाकडे जाणारें रक्त अडतें. १९१३ सालीं निकोलाय अनिच्कोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें सशांस कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांत अशीच विकृति उत्पन्न करून दाखविली. तेव्हांपासून ताट आणि हृदय यांचें नातें लोकांच्या मनांत पक्कें बसलें, आणि तें खोटेंहि नव्हतें. पण तें सर्व सत्य नव्हतें. १९३८ सालीं नॉर्वेंतील कार्ल म्यूलर या वैद्यानें असें दाखविलें कीं, कांहीं कुटुंबांत वाढलेलें कोलेस्टेरॉल, कंडरांवरील पिवळसर गाठी व अकालीं हृदयविकार हीं तिन्ही पिढ्यान्‌पिढ्या एकत्र चालत येतात.

मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन तरुण अमेरिकन वैद्य १९६६ सालीं बोस्टन येथील रुग्णालयांत उमेदवारी करीत असतां एकमेकांचे मित्र झाले. पुढें बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत असतांना त्यांच्या पाहण्यांत एकाच घरचीं दोन भावंडें आलीं. एक सहा वर्षांचें, दुसरें आठ वर्षांचें. दोघांच्याहि रक्तांत कोलेस्टेरॉल सामान्याच्या कित्येक पटींनीं वाढलेलें आणि त्या वयांत दोघांसहि हृदयविकार जडलेला. "काय खात होतास?" हा आपला नेहमींचा प्रश्न सहा वर्षांच्या मुलास कोण विचारूं शकेल? जो प्रश्न तेथें विचारतांना जीभ अडखळते, तो इतरत्र आपण इतक्या सहजपणें कसा विचारतों, एवढें तरी या भावंडांनीं आपणांस विचार करावयास लाविलें पाहिजे.

हे दोघे वैद्य १९७० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत टेक्सस प्रांतांतील डॅलस येथें स्थायिक झाले आणि त्यांनीं एकत्र संशोधन आरंभिलें. अशा मुलांच्या त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन त्यांतील पेशी त्यांनीं काचपात्रांत वाढविल्या. निरोगी पेशी आपणांस लागणारें कोलेस्टेरॉल स्वतः बनवूं शकते. पण भोंवतालच्या रसांत एलडीएलचे कण मिळूं लागले म्हणजे ती घरचा कारखाना जवळजवळ बंद ठेवते. रोगी मुलांच्या पेशींतील कारखाना मात्र बाहेर कण कितीहि असले तरी चालूच राहिला. याचे दोन अर्थ संभवत होते. एक तर कारखाना थांबविण्याची कळच बिघडली असावी. किंवा बाहेर माल आला आहे ही वर्दी आंत पोंचत नसावी. तेव्हां या संशोधकांनीं कण वगळून मद्यार्कांत विरघळविलेलें कोलेस्टेरॉल त्या पेशींस दिलें. तें दाराची अपेक्षा न ठेवतां पेशीच्या आवरणांतून आंत शिरतें. तें आंत जातांच कारखाना निमूटपणें थांबला. कळ शाबूत होती. बिघाड दाराशीं होता. पुढें किरणोत्सर्गी आयोडिनची खूण लाविलेले कण वापरून पाहतां ते निरोगी पेशींस चिकटले, रोगी पेशींस चिकटले नाहींत. १९७४ सालीं हें सिद्ध झालें. १९८५ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

हें दार म्हणजे पेशीच्या आवरणांत बसविलेलें एक प्रथिन होय. शास्त्रज्ञ त्यास 'रिसेप्टर' म्हणतात. मराठींत 'ग्राही' म्हणतात. बाहेरून जाणारा कण पकडावयाचा, आवरणांतील खळग्यांतून त्यास आंत न्यावयाचें, तेथें सोडावयाचें आणि पुन्हां बाहेर येऊन उभें राहावयाचें, असा फेरा तो सुमारें दहा मिनिटांत पुरा करतो. यकृतांतील ग्राहींच्या या अखंड चाकरीमुळें आपलें रक्त साफ राहतें. या ग्राहीचें जनुक प्रत्येकास आईकडून एक व बापाकडून एक असें मिळतें. दोन्ही सदोष निघालीं तर त्या भावंडांसारखी अवस्था होते. असें मूल लाखों जन्मांत एखादें. एकच सदोष असेल तर ग्राहींची संख्या निम्म्यावर येते, आणि पुष्कळदां ऐन चाळिशींत हृदय दगा देतें. अशीं माणसें अडीचशें-तीनशें लोकांमागें एक, म्हणजे कोणत्याहि गांवांत, कोणत्याहि पेठेंत सांपडतील.

एका रोग्याच्या पेशींची गोष्ट तर विशेष मननीय आहे. त्याच्या पेशींस कण चिकटत होते, पण आंत जात नव्हते. शोध करतां असें आढळलें कीं, आईकडून त्यास कण पकडूं न शकणारा ग्राही मिळाला होता, आणि बापाकडून कण पकडणारा पण आंत नेण्यास असमर्थ असा ग्राही मिळाला होता. त्या दुसऱ्या ग्राहींत बिघाड तो केवढा? आठशें एकोणचाळीस अमिनो आम्लांच्या सांखळींत एका ठिकाणीं एकाऐवजीं दुसरें अमिनो आम्ल आलेलें. ग्रंथांत एक अक्षर चुकावें आणि त्याचें मोल वाचणाऱ्यानें प्राणांनीं द्यावें, असा हा प्रकार. या एका अक्षरास कोणत्या नीतिशास्त्रांत पाप म्हणावयाचें?

जपानांत कोबे येथें योशिओ वातानाबे यांस एक असा ससा सांपडला कीं, ज्याच्या रक्तांत कोलेस्टेरॉल जन्मतःच अतोनात होतें. त्याच्यापासून वाढविलेल्या वंशांत साधा चारा खाऊनहि सशांच्या रोहिण्या भरूं लागल्या. त्यांच्या यकृतांतहि ग्राहींचाच अभाव होता. अनिच्कोव्हच्या सशांनीं ताटाची साक्ष दिली. वातानाबेच्या सशांनीं दाराची दिली. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत, आणि दोन्ही ऐकल्यावांचून निकाल देतां येत नाहीं.

या पुराव्यास आणखी एक बाजू आहे, आणि नीतीच्या दृष्टीनें आम्हांस ती अधिक महत्त्वाची वाटते. २००३ सालीं फ्रान्स व कॅनडा येथील संशोधकांच्या श्रमांतून पीसीएसके-९ या प्रथिनाचा आणि या आनुवंशिक रोगाचा संबंध उघडकीस आला. हें प्रथिन ग्राहीस चिकटून त्याचा पेशीच्या आंत नाश घडवितें. ज्यांच्या ठायीं तें जन्मतःच निर्बल असतें त्यांचे ग्राही अधिक काळ टिकतात. डॅलस येथीलच जोनाथन कोहेन व हेलन हॉब्स आणि त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत आफ्रिकन वंशाच्या अमेरिकनांत शेंकडा अडीच लोक असे आढळल्याचें सांगितलें. त्यांचें एलडीएल इतरांहून शेंकडा २८ नें कमी होतें, आणि पंधरा वर्षांच्या पाहणींत हृदयाच्या रोहिण्यांचा विकार त्यांच्यांत शेंकडा ८८ नें कमी दिसला. हे लोक मिताहारी तपस्वी होते काय? मुळींच नाहीं. त्यांच्यांत तंबाखू ओढणारे होते, रक्तदाबाचे व मधुमेहाचेहि होते. त्यांस जें मिळालें तें त्यांनीं कमाविलें नव्हतें.

रोग्यास निर्दोष म्हणावयास दयाळू माणूस चटकन् तयार होतो, कारण त्यांत त्याचें कांहीं जात नाहीं. पण रोग जर दोषाचा पुरावा नव्हे, तर आरोग्य हाहि पुण्याचा दाखला नव्हे, हें कबूल करणें त्यास जड जातें. साठी उलटल्यावर टेकडी चढून येणारा गृहस्थ आपल्या पहाटेच्या फिरण्याचें व गोडवर्ज्य जेवणाचें जें कौतुक सांगतो, त्यांत त्याच्या नियमाचा वांटा आहेच. पण यकृतांतील ज्या मूक चाकरांनीं जन्मभर त्याचें रक्त झाडून काढलें, त्यांचा उल्लेख तो कधीं करीत नाहीं. दुसऱ्याच्या रोगाचा निवाडा करण्याचा अधिकार आपण बहुधा या विसरण्यांतूनच मिळवितों.

येथें एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. रोगाचें मूळ ग्राहींत, ग्राहीचें मूळ जनुकांत, आणि जनुक जन्मतः पदरीं आलेलें. मग मनुष्याच्या हातीं उरलें काय? आज हृदयविकार दोषमुक्त झाला. उद्यां मद्यपी म्हणेल कीं माझेहि ग्राही असेच आहेत, आणि परवां चोरहि तेंच म्हणेल. अशानें बटलरच्या एरेव्हॉनमधून सुटून आपण अशा देशांत जाऊं कीं, जेथें कोणीच कशाबद्दल जबाबदार नाहीं.

आक्षेप वजनदार आहे, परंतु त्याचें उत्तर याच संशोधनांत आहे. निरोगी माणसानें स्निग्ध पदार्थांचें अतिसेवन केलें तर त्याच्या यकृतांतील ग्राहींची संख्या घटते. म्हणजे ज्या दाराची घडण जन्मानें ठरते, तें किती उघडें राहावें हें कांहीं अंशीं वर्तनानें ठरतें. दैवाचे लोक एका बाजूस व पुरुषार्थाचे दुसऱ्या बाजूस अशी माणसांची वांटणी करतां येत नाहीं. दोहोंची हद्द प्रत्येकाच्या पेशींतूनच जाते. चरकसंहितेच्या विमानस्थानांत आयुर्मानाचा विचार करतांना दैव व पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर निर्णय सोपविला आहे. आणि लोकमान्य टिळकांनींहि 'गीतारहस्यां'त कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणांत केला आहे. एकास टाकून दुसऱ्याचा विचार पुरा होत नाहीं, हें आपल्या परंपरेस अपरिचित नव्हतें.

परंतु ही हद्द प्रत्येकाच्या ठायीं सारख्याच जागीं नसते, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. जपानी शास्त्रज्ञ आकिरा एन्दो यांनीं बुरशीपासून एक द्रव्य काढलें, आणि त्या वर्गांतील पहिलें औषध १९८७ सालीं अमेरिकेंत वापरांत आलें. हें औषध पेशीच्या घरच्या कारखान्यास आवर घालतें. तेव्हां यकृत बाहेरच्या मालाची वाट पाहूं लागतें आणि अधिक ग्राही उभे करतें. ज्याच्याजवळ एक चांगलें जनुक आहे त्याचें तें जनुक अशा रीतीनें दुप्पट काम करूं लागतें. पण ज्याच्याजवळ एकहि चांगलें जनुक नाहीं, त्यानें तेंच औषध तितक्याच नियमानें घेतलें तरी फारसा गुण येत नाहीं, कारण उभे करावयास ग्राहीच नाहींत. १९८४ सालीं अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें अशाच एका सहा वर्षांच्या मुलीस दुसऱ्याचें हृदय व यकृत बसवावें लागलें. नवीन यकृताबरोबर ग्राही आले, तेव्हां तिचें कोलेस्टेरॉल उतरलें. दोघां रोग्यांनीं सारखेंच पथ्य पाळावें, एकानें तरावें आणि दुसऱ्यानें मरावें, हें नित्य घडत असतें. म्हणून फळावरून प्रयत्नाची परीक्षा करणारा मनुष्य रोग्याच्या बाबतींत बहुधा अन्यायच करतो.

आमच्या मतें 'जबाबदारी' या शब्दांत दोन निराळ्या कल्पना गुंतलेल्या आहेत, आणि त्या सोडविल्या म्हणजे आक्षेपाचा जोर कमी होतो. एक कल्पना मागें पाहते: हें कोणामुळें झालें? दुसरी पुढें पाहते: आतां हें कोणी करावयाचें? पहिलीचें नांव दोष, दुसरीचें कर्तव्य. रोगाच्या यंत्रणेचें ज्ञान जसजसें वाढतें तसतसा दोष कमी होतो, आणि त्याच प्रमाणांत कर्तव्य वाढतें. ज्यास आपले ग्राही निम्मेच आहेत हें ठाऊक नाहीं, त्याच्या अकालमृत्यूबद्दल त्यास बोल लावतां येत नाहीं. पण ज्यास तें कळलें, त्याची स्थिति बदलली. मद्यपीच्या सबबीसहि हेंच उत्तर आहे. आपली प्रकृति दुबळी आहे हें ज्यास उमगलें, त्यास इतरांहून अधिक सावध राहण्याचें कारण मिळालें, पिण्याचें नव्हे.

हें कर्तव्य रोग्यापुरतेंच राहात नाहीं. सदोष जनुक एका माणसांत सांपडलें, तर त्याच्या प्रत्येक मुलांत तें असण्याचा संभव निम्मा. आणि तें आईबापांपैकीं एकाकडून आलेलें असल्यामुळें प्रत्येक सख्ख्या भावंडांतहि तितकाच. साधी रक्ततपासणी व वेळींच सुरू केलेलें औषध यांनीं पुढचा अनर्थ पुष्कळ अंशीं टळतो. म्हणजे भावंडांस सांगणें हें येथें उपचाराइतकेंच महत्त्वाचें आहे. पण आपल्या घरांत काय होतें? काका बेचाळिसाव्या वर्षीं गेले, आजोबा पंचेचाळिसाव्या वर्षीं, हें सर्वांस माहीत असतें. पण बोलतां येत नाहीं, कारण घरांत लग्नाच्या मुली असतात. 'त्यांच्या घराण्यांत कांहीं तरी आहे' एवढी कुजबूज स्थळें परत जाण्यास पुरेशी होते. मग वैद्याचे कागद कपाटाच्या तळाशीं जातात, धाकट्या भावास कांहीं कळत नाहीं, आणि त्याचीहि चाळिशी येते.

या मौनाबद्दल त्या कुटुंबास दोष देणें सोपें आहे, पण मौनाचें कारण आपण आहों. जेथें रोग म्हणजे कुळाचा बट्टा, तेथें लोक तो लपविणारच. म्हणून रोग्यास दोष देण्याची आपली संवय केवळ निष्ठुर आहे असें नव्हे, तर ती प्राणघातक आहे. आपण निवाडा करणें सोडलें, तर मोठ्या भावास धाकट्याजवळ तोंड उघडतां येईल. लज्जा गेल्यावांचून हें कर्तव्य कोणाच्याहि हातून नीट पार पडणार नाहीं.

समाजाचाहि यांत वांटा आहे. बुरशीपासून निघालेल्या त्या वर्गांतील औषधें आज हिंदुस्थानांत तयार होतात आणि पुष्कळ स्वस्त मिळतात. पीसीएसके-९ ला निष्प्रभ करणारीं औषधें २०१५ सालीं अमेरिकेंत मान्य झालीं. तीं मात्र सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेर आहेत. उपाय अज्ञात होता तोंवर मृत्यूस दैव म्हणणें क्षम्य होतें. उपाय ज्ञात झाल्यावर आणि तो कपाटांत असतां जो मृत्यु येतो, त्याचा कांहीं भाग आपल्या व्यवस्थेच्या खातीं मांडावा लागेल.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. जनुकांच्या ज्ञानाची आपण नवी जन्मपत्रिका करून बसूं अशी आम्हांस भीति वाटते. पूर्वीं मुलीस मंगळ आहे म्हणून नाकारीत. उद्यां तिच्या ग्राहींत खोट आहे म्हणून नाकारतील, आणि त्यास शास्त्र म्हणतील. परंतु डॅलसच्या त्या दोन संशोधकांनीं दाराचा बिघाड हुडकला तो दार उघडण्याचा मार्ग सांपडावा म्हणून, आणि पुष्कळांपुरता तो सांपडलाहि. तीच खोट असलेल्या दोन भावांपैकीं ज्यास विशींत कळलें आणि ज्यास कधींच कळलें नाहीं, त्यांचीं आयुष्यें निरनिराळीं होतात. पत्रिका पाहून मनुष्य थांबतो. निदान ऐकून त्यानें चालूं लागावें, अशी अपेक्षा असते.

कोणी आजारी पडल्याची वार्ता यापुढेंहि आपल्या कानीं येतच राहील, आणि कांहीं तरी विचारणें हा लोकाचारच आहे. "काय खात होते?" हा प्रश्न रोग्याच्या वैद्यानें विचारावा; त्यास त्याचा उपयोग आहे. आपण इतरांनीं "औषधाची सोय झाली का, आणि भावंडांची तपासणी झाली का?" एवढेंच विचारावें. त्यांत कोणाची अब्रू जात नाहीं, आणि कोणाचा तरी जीव वांचण्याचा संभव आहे.